'होणार सून मी ह्या घरची' परत लावलीय, आईआजीसाठी

झी फाईव्हवर झी मराठीच्या जुन्या मालिका आहेत हे माहीत होतं, पण २०१३ची सिरियल आता परत कोण बघणार असं वाटायचं. सध्या आमच्याकडे रात्री जेवताना हीच लागते आणि त्याचं कारण एकच, श्रीची आजी म्हणजे आईआजी झालेल्या रोहिणी हट्टंगडी. जान्हवी-श्री ही मुख्य जोडी गोडच आहे, तिचं 'काहीही हं श्री' अजूनही ऐकायला छान वाटतं, पण ते गोखल्यांचं घर खरं वाटतं ते आईआजीमुळे. घरात एवढ्या सासवा, वर गृहउद्योगाचा पसारा, आणि ही बाई सगळं सांभाळते ते आवाज न चढवता, बोलायच्या आधी जरा थांबते आणि तेवढ्यातच समोरच्याला कळतं आपलं काय चुकलं ते. डेली सोपमध्ये एक वाक्य झालं की सगळ्यांचे चेहरे झूम करून दाखवतात, मागे ढॅण ढॅण म्युझिक, अशात भलेभले ओव्हर होतात, रोहिणीताई नाही होत.

बाफ्टासारखा ब्रिटिश सिनेपुरस्कार मिळालेली बाई सिरियल कशाला करते असं नाक मुरडणारे लोक भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. एनएसडीत, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकलेली, 'गांधी'मध्ये कस्तुरबा केलेली, 'सारांश'मध्ये तिशीच्या आसपास असताना मुलगा गेलेली म्हातारी आई केली आणि ती खरीच म्हातारी वाटली. हीच तयारी तिने रोजच्या मालिकेत आणली ना! ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग, त्यातली आशा देशमुख किती करारी सासू होती आठवतंय का? ती मालिका संपली त्याच वर्षी आईआजी सुरू झाली, आणि एवढी वर्षं ज्या बाईला सासू म्हणून बघितलं तिचा आईआजीत मागमूस नाही. चालणं वेगळं, सुनांशी बोलायची पट्टी वेगळी. रोज शूटिंग, सीन हातात येणार ऐनवेळी, तालमीला वेळ नाही, त्यात हे करून दाखवणं मला तरी सिनेमापेक्षा अवघड वाटतं.

मालिकेबद्दल सांगायचं तर शेवटी शेवटी फार ताणलीय, जान्हवीचं बाळंतपण तर संपता संपत नाही, तिथे सरळ पुढे ढकला काही बिघडत नाही. पण पहिले लग्नापर्यंतचे आणि नंतरचे सासरचे सुरुवातीचे भाग अजिबात सोडू नका. आणि शक्यतो टीव्हीवर लावा, मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर रोहिणीताईंच्या डोळ्यांतलं अर्धं काम दिसतच नाही.