व्यापक हॅशटॅग की नेमके हॅशटॅग?

२३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर एकाच विषयावरचे संदेश एकत्र दिसावेत म्हणून शब्दापुढे # हे चिन्ह लावण्याची सूचना केली, तेव्हा हेतू वर्गवारीचा होता, प्रसिद्धीचा नव्हता. छोट्या व्हिडिओंसाठी हॅशटॅग निवडताना हा मूळ हेतू बहुधा विसरला जातो.

#व्हायरल किंवा #ट्रेंडिंग यांसारख्या व्यापक हॅशटॅगखाली नवे व्हिडिओ सतत येऊन पडत असल्याने आपला व्हिडिओ काही क्षणांतच खाली ढकलला जातो. शिवाय व्हिडिओ कशाबद्दल आहे, हे त्या शब्दातून ना प्रेक्षकाला कळते, ना शिफारस करणाऱ्या यंत्रणेला. याउलट, सायकलची उतरलेली साखळी चढवून दाखवणाऱ्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओला #सायकलदुरुस्ती हा हॅशटॅग दिला, तर पाहणारे संख्येने कमी असले तरी तेच शोधत आलेले असतात, ते व्हिडिओ शेवटपर्यंत पाहण्याची शक्यता अधिक असते आणि पुढची शिफारस बरीचशी अशा पाहण्यावरच अवलंबून असते. (दोन शब्दांमध्ये जागा सोडली, तर हॅशटॅग पहिल्याच शब्दावर तुटतो.)

व्यापक हॅशटॅग अगदीच निरुपयोगी नाहीत. #सायकल हा विषयाशी जोडलेला असल्याने एखादा तसा ठेवायला हरकत नाही. मात्र ढीग रचू नये. यूट्यूबवर ६० पेक्षा अधिक हॅशटॅग दिल्यास सगळेच दुर्लक्षिले जातात. माझा कौल तीन-चार नेमक्या हॅशटॅगना आहे, तोही पहिली दोन सेकंदे पकड घेणारी असतील तरच.