आठ महिने ५.१ स्पीकर वापरल्यावर: खरं काम मधल्या स्पीकरचं

गेल्या दिवाळीत कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर (म्हणजे पाच स्पीकर आणि बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, देणारा एक सबवूफर) घेतले, त्याला आता आठ महिने होतील. घरात टीव्ही नाही. हॉलमध्ये माझा डेस्कटॉप आणि २७ इंची मॉनिटर आहे, आणि रात्री जेवणं आटपली की मी आणि बाबा त्यावरच सिनेमा बघतो. बाबा ७४ वर्षांचे, उजव्या कानाला यंत्र. आधीच्या दोन स्पीकरवर पार्श्वसंगीत चढलं की ते विचारायचे, "काय म्हणाला गं तो?" आवाज वाढवावा तर संगीतही तेवढंच वाढायचं. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं, नुसते बघत बसायचे. ते मला फार लागलं.

५.१ मिक्समध्ये प्रत्येक स्पीकरसाठी आवाजाचा वेगळा भाग, म्हणजे चॅनल, असतो आणि बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर असतात. तेवढा एकच स्पीकर मोठा करता आला तर संगीत आहे तिथेच राहील आणि बोलणं पुढे येईल. एवढ्या एका कारणासाठी मी बाजारात गेले.

पहिल्या फेरीत फसले. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून ३,९०० रुपयांचा सेट आणला. खोक्यावर ५.१ हे आकडे हाताएवढे, आणि खाली हजारोंच्या घरातले पीएमपीओ वॅट. (पीएमपीओ म्हणजे क्षणभराची, फुगवून सांगितलेली ताकद, तो आकडा वाचूच नका; सतत मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, किती ते विचारा.) घरी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडून टेस्ट लावली. डाव्या स्पीकरवर क्लिक केलं तर पुढचा डावा आणि मागचा डावा एकदम वाजले. मधल्यावर क्लिक केलं तर सगळं गप्प. सबवूफर फिरवून पाहिला तर मागे इनपुटची दोनच भोकं होती, एक लाल, एक पांढरं. म्हणजे आत येणारा आवाज दोन चॅनलचा, तोच पाच डब्यांत वाटलेला. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नव्हता, बदलून घ्या म्हणाला. वर १,९०० भरून दुसरा सेट घेतला, तो हा. मॉडेलं सारखी बदलतात, म्हणून नाव देत नाही. त्यापेक्षा दुकानात सबवूफरची पाठ बघा: ५.१ इनपुटसाठी सहा भोकं (किंवा दोन-दोन चॅनलची तीन) वेगळी हवीत, आणि खोक्यात कॉम्प्युटरला जोडायच्या तीन वायरी हव्यात.

कॉम्प्युटरकडची बाजूही आधी तपासा. माझ्या मदरबोर्डला (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाला) मागे आवाजाच्या वायरी लावायचे तीनच जॅक आहेत. साउंड कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.१ निवडलं की हिरवा पुढच्या दोघांसाठी, निळा मागच्या दोघांसाठी आणि गुलाबी सेंटर-सबवूफरसाठी वापरला जातो. गुलाबी मुळात माइकचा, त्यामुळे ऑनलाइन मीटिंगसाठी मला यूएसबी माइक घ्यावा लागला. ज्यांच्याकडे पाच-सहा जॅक आहेत त्यांना मागच्यांसाठी काळा आणि सेंटर-सबसाठी नारिंगी वेगळा मिळतो. लॅपटॉपला एकच जॅक असेल तर ५.१ चं यूएसबी साउंड कार्ड लागेल, तो खर्च धरूनच हिशोब करा.

पहिल्याच संध्याकाळी घाबरवणारा प्रकार झाला. माणसांचे आवाज टेबलाखालून, सबवूफरमधून, रजई तोंडावर घेऊन बोलल्यासारखे येत होते. बाबा म्हणाले, "हे तर आधीपेक्षा वाईट." सेंटर आणि सबवूफर एकाच वायरीतून येतात, आणि त्या दोघांची अदलाबदल झाली होती. सबवूफरच्या पाठीमागे त्या वायरीच्या दोन पिना एकमेकींच्या जागी लावल्या आणि काम झालं. बऱ्याच साउंड कार्डांच्या सॉफ्टवेअरमध्येही ही अदलाबदल करायचा पर्याय असतो. हे माहीत नसल्यामुळे कोणी चांगला सेट परत करू नये असं मनापासून वाटतं.

मांडणीवर मात्र दोन रविवार घालवले, आणि ते सार्थकी लागले. पुढचे दोन स्पीकर तुमच्या समोरच्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, असं प्रमाण मानलं जातं. आमचा सोफा भिंतीला टेकलेला होता. तो दोन फूट पुढे ओढला तेव्हा मागच्यांना जागा झाली. मागच्या वायरी आखूड पडल्या, म्हणून लाल-काळी दोन पदरी वायर आणून जोडली. जोडताना लालला लाल, काळ्याला काळी हे कटाक्षानं पाळा. एका स्पीकरची उलटी लागली तर आवाज पातळ होतो आणि नक्की कुठून येतोय तेच कळत नाही. मधला स्पीकर मॉनिटरच्या खाली ठेवलाय, पण तिथून त्याचं तोंड पोटाकडे होत होतं. दाराला लावायची लाकडी पाचर त्याच्या पुढच्या कडेखाली सरकवली आणि तो कानाकडे बघू लागला. त्या पाचरीनं जो फरक पडला तो हजार रुपये जास्त मोजूनही पडला नसता.

सुरुवातीला सतत घों घों असा बारीक आवाज यायचा. कॉम्प्युटर विजेच्या एका बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या बोर्डावर होते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर घेतले आणि तो थांबला. सबवूफर कोपऱ्यात ठेवला होता, तिथे तो नको इतका घुमायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन सांगितलं की नातू दचकून उठतो. मग कोपऱ्यातून काढला, खाली जाड रबर घातलं, आणि दहानंतर त्याचा आवाज अगदी कमी ठेवतो. आता त्यांची तक्रार नाही.

सगळ्याच गोष्टी ५.१ मध्ये मिळत नाहीत, हे लक्षात ठेवा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सिनेमा लावल्यावर ऑडिओ ट्रॅक तपासते, कधी पहिला ट्रॅक स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनलचा, असतो आणि ५.१ दुसरा. ब्राउझरमध्ये बघितलेलं माझ्याकडे बहुतेक वेळा दोनच चॅनलमध्ये येतं. बाबांचे आवडते जुने मराठी सिनेमेही तसेच. तिथे संवाद आणि संगीत एकमेकांत मिसळलेले असतात, वेगळे काढता येत नाहीत. तेव्हा फक्त बास उतरवते, थोडं बरं ऐकू येतं.

गाण्यांसाठी हा सेट मी सुचवणार नाही. छोट्या डब्यांमुळे गायकाचा आवाज बारीक होतो. याच पैशात दोन चांगले स्पीकर आले तर गाणी त्यांवर कितीतरी चांगली वाजतील. घरात कोणाला कमी ऐकू येत नसेल आणि मुख्य शौक गाण्यांचा असेल, तर दोनच घ्या.

कुरबुरी दोन. पावसाळा लागल्यावर मागचा डावा खरखरायला लागला. क्लिपमधलं तांबं काळं पडलं होतं. अर्धा इंच वायर कापून नवीन टोक बसवलं, खरखर गेली. दुसरी कुरबूर कायमची: वीज गेली की सेट सगळी पातळी विसरतो. सेंटर आम्ही ४ वर ठेवतो, तो दर वेळी शून्यावर येतो. रिमोटवरची अक्षरं बारीक, म्हणून सेंटरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. परवा मी स्वयंपाकघरात होते, वीज जाऊन आली. हात पुसून बाहेर निघणार तोच हॉलमधून बाबांची हाक आली, "चारवर केलाय गं, ये आता."