शेतातल्या शेडमध्ये बॅटरीची पॉलिश मशीन

माझी काळी स्कॉर्पिओ लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्यानं जाते. काळ्या रंगावर उन्हात बारीकसा चरासुद्धा लपत नाही, आणि नवरदेवाचा बाप गाडी पाहायला आला की बॉनेटवर हात फिरवूनच भाड्याची बोलणी सुरू करतो. गाडी राहते दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात, पत्र्याच्या शेडमध्ये, कारण गावातल्या गल्लीत ती वळतच नाही. शेडमध्ये वीज म्हणजे मोटारपंपाचं स्टार्टर. ती शेतीच्या फिडरची थ्री फेज, कधी दिवसा येते, कधी रात्री. घरगुती प्लगचा पत्ता नाही. यवतमाळला डिटेलिंगवाल्याकडे न्यावी तर पैसे जातात ते जातातच, वर येताना रस्त्याची धूळ अर्धी चमक खाऊन टाकते.

म्हणून मागच्या दसऱ्याच्या तोंडावर बॅटरीवर चालणारी ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिश मशीन मागवली. दोन बॅटऱ्या, चार्जर, तीन फोम पॅड धरून सात हजारांच्या आत पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच साचा ऑनलाईन चार-पाच नावांनी विकला जातो, फक्त प्लास्टिकचा रंग बदलतो. तेव्हा हे सगळं त्या जातीच्या मशीनबद्दल समजा.

घेण्याआधी गावानं फुकट सल्ले भरपूर दिले. चुलतभाऊ म्हणाला, "सोलर पंप हाये ना तुह्या वावरात, त्याच्यावर लाव नं!" आमच्या सोलर पंपाचा कंट्रोलर फक्त पंपाच्या मोटारीला वीज देतो, त्यातून घरातल्यासारखा प्लग निघत नाही. दुसऱ्यानं गाडीतल्या लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावायला सांगितलं. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण 10 ते 15 अँपिअरचा. 12 व्होल्टनं गुणलं तर 120 ते 180 वॉट. वायरवाली चांगली मशीन 600-700 वॉटची असते, म्हणजे फ्यूज गेलाच. मोठा इन्व्हर्टर थेट गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडता येतो, पण 700 वॉटसाठी 60 अँपिअरच्या वर करंट ओढला जातो, इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि ज्या गाडीचं बॉनेट घासायचं तिचंच बॉनेट उघडं आणि गरम! बिछायत केंद्रवाल्याचा जनरेटर आहे, पण तो लग्नाच्या लायटिंगसाठीचा डिझेलचा धूड. एका बॉनेटसाठी तो शेतात ओढत आणणं परवडत नाही.

आता मशीनकडे येतो. अंगावर 21 व्होल्ट छापलंय, बॅटरीच्या डब्यावर तर चक्क 48. दोन्ही आकड्यांवर जाऊ नका. आत लिथियमचे पाच सेल ओळीत जोडलेले असतात. एकेक सेल 3.6 व्होल्टचा, म्हणजे 18 व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर एक सेल 4.2 ला जातो, तिथून 21 येतात. 48 कुठूनच येत नाहीत. मल्टिमीटर लावला तर ताज्या चार्ज बॅटरीवर 20.6 दिसले. खरी गोष्ट अँपिअर-अवरमध्ये आहे, म्हणजे बॅटरीत साठा किती त्यात. माझ्या बॅटऱ्यांवर 4 लिहिलंय, त्या वजनदार आहेत आणि आत पाच-पाचच्या दोन ओळी मिळून दहा सेल आहेत, म्हणून त्यावर विश्वास बसतो. डबा हातात अगदी हलका लागला आणि वर 4 किंवा 6 लिहिलेलं असलं तर दुकानदाराला परत करा. या बॅटऱ्यांत असतात त्या 18650 मापाच्या एका सेलची मजल साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास संपते, पाचच सेलांत 4 बसणार कसे?

18 गुणिले 4 म्हणजे 72 वॉट-अवर. खोक्यावर '45 मिनिटं' लिहिलंय. मशीन हवेत धरून फिरवली तर चालतही असेल. पॅड रंगावर टेकवला, थोडा भार दिला की मशीन अडीचशे वॉटच्या आसपास खाते आणि बॅटरी सतरा-अठरा मिनिटांत बसते. शेतकरी मित्रांना हिशेब असा सांगतो: पाठीवरच्या फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी 96 वॉट-अवरची असते, म्हणजे हिच्याहून मोठी. ती कितीतरी पंप फवारते, कारण तिची मोटार लहान. इथं मोटार खादाड आहे.

सतरा मिनिटांत काय होतं? दोन फूट बाय दोन फूट तुकडा, वटाण्याएवढे चार ठिपके कंपाऊंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, आधी सर्वांत कमी स्पीडवर पसरवायचं, मग चार-पाचवर आडवे-उभे हात. एका तुकड्याला दोन मिनिटं धरा. स्कॉर्पिओचं बॉनेट एका बॅटरीत कसंबसं होतं. आख्ख्या गाडीला एक हात मारायला चार बॅटऱ्या लागतात. माझ्याकडे दोन. म्हणून एका सकाळी बॉनेट, फेंडर आणि डावी बाजू, दुसऱ्या सकाळी उरलेलं.

चार्जरची गंमत ऐका. तो 2 अँपिअरचा आहे, बॅटरीला दोन तासांच्या वर घेतो, पण त्याला वीज लागते पन्नासेक वॉटच. म्हणजे ज्या लायटरच्या सॉकेटवर पॉलिश मशीन चालत नाही, त्याच सॉकेटवर 150 वॉटच्या छोट्या इन्व्हर्टरनं चार्जर आरामात चालतो. मी प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा घेतला, स्वस्तवाल्यावर चार्जर गुरगुरतो आणि तापतो. गाडी भाड्यावरून परत येताना बॅटरी गाडीतच भरून होते. बाकी रात्री गावात घरी चार्ज करून पिशवीत आणणं हाच सोपा मार्ग.

मशीनची चाल मला आवडली. ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी थोडा बाजूलाही झोकांड्या खातो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. आमच्याकडच्या गॅरेजात अँगल ग्राइंडरलाच बफ लावून पॉलिश करतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, तो वाहनाच्या रंगासाठी नाहीच. कडेवर एक सेकंद जास्त थांबला की खालचा प्रायमर दिसतो. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. घासायला भांडवल तेवढंच, ते जपूनच खर्चायचं.

या मशीनची एक खोड आहे आणि ती समजून घेतली तरच ती काम करते. जास्त दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं, फक्त थरथर उरते. आवाज तसाच येत राहतो, म्हणून कळत नाही. पॅड ज्या चकतीवर चिकटतो त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मी मार्करनं एक जाड पांढरी रेघ मारली आहे. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, एका जागी थरथरताना दिसली तर हात हलका करायचा. बॅटरी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आली की हे फार होतं, आणि दरवाजांच्या वळणांवर तर ताज्या बॅटरीतही होतं. मोठेबाबा एकदा बाजेवर बसून पाहत होते. म्हणाले, "काऊन रे, मशीन चालू हाये का नुस्ती धरून उभा हायेस?" त्यांनी माझ्या आधी रेघ पाहिली होती.

निकाल कसा? फडक्यानं कोरडी धूळ पुसून पुसून पडलेलं बारीक चऱ्यांचं जाळं गेलं. काळा रंग पुन्हा काळा दिसतो, आधी राखाडी वाटायचा. नखाला अडकतात ते चरे तसेच आहेत. ते कुठल्याच बॅटरीच्या मशीननं जाणार नाहीत, घालवायच्या नादी लागूही नका. खिडक्यांच्या मधले खांब, हँडलखालचे खळगे, नंबरप्लेटभोवतीचा भाग पाच इंची प्लेटला पोचत नाहीत, ते हातानंच. बॅटरीसकट मशीन अडीच किलोच्या पुढं भरते. बॉनेटवर तिचं वजन कामाला येतं, दरवाजावर मात्र खांदे भरून येतात.

पॉलिशच्या आधीची धुलाई इकडं जास्त महत्त्वाची. काळ्या मातीची धूळ, त्यात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, मळणीयंत्राचं कुटार उडून शेडमध्ये गाडीवर थर बसतो. त्यावर पॅड फिरवला तर पॉलिश कसली, पॉलिश पेपरच. मी आधी फवारणी पंपानं पाणी मारून धूळ वाहू देतो, मग शॅम्पूच्या पाण्यानं धुतो. यासाठी नवा पंप वेगळा ठेवला आहे. तणनाशक किंवा कीटकनाशक भरलेला पंप या कामाला लावू नका, कितीही धुतला तरी. विहिरीचं पाणी जड असेल तर उन्हात वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. मग हातावर पातळ पन्नी चढवून रंगावरून बोटं फिरवायची. खरखर लागली तर साबणाच्या पाण्यात क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेला मळ ओढणारी मऊ वडी, फिरवायचा, गुळगुळीत लागलं तरच मशीन बाहेर काढायची.

आणि ऊन. हा मुद्दा मी पाहिलेल्या परदेशी व्हिडिओत कुणी सांगितला नाही. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. एक बॅटरी संपवली की ती हाताला चांगलीच गरम लागते, लगेच चार्जरवर ठेवली तर लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. बिघाड समजून घाबरू नका. लिथियमचे सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, चार्जर म्हणूनच अडवतो. बॅटरी फ्रिजमध्ये टाकू नका, सावलीत तासभर सोडून द्या. गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंडही वाळून भुकटी होतं आणि पॅड ते ओढत नवे चरे पाडतो. हाताची पाठ बॉनेटला लावा, चटका बसला तर ते काम त्या वेळेचं नाही. उन्हाळ्यात मी उजाडायच्या आत सुरू करतो आणि आठला आवरतो. ऑक्टोबर ते जानेवारी मात्र काही अडचण नाही.

तुमच्या गोठ्यापासून तीस मीटरवर घरगुती प्लग असेल तर ही मशीन घेऊ नका. वायरवाली मशीन 230 व्होल्टवर 3 अँपिअरच्या आसपास घेते, दीड स्क्वेअर एमएमची एक्स्टेंशन वायर तिला पुरते. त्याच पैशात ताकद जास्त मिळते आणि घड्याळाकडं पाहावं लागत नाही. ही मशीन आमच्यासारख्यांची, जिथं वायर पोचतच नाही.

तक्रार एकच. सोबत आलेली एक बॅटरी सहा महिन्यांत बसली, पाच मिनिटांत दम टाकते. विकणाऱ्यानं सांगितलं, वॉरंटी मशीनची, बॅटरीची नाही. बिलावर तसं बारीक अक्षरात आहेही. तेव्हा घेतानाच बॅटरीचं विचारा. नशिबानं बॅटरीची खाच मकिता या हत्यारांच्या कंपनीच्या 18 व्होल्टच्या साच्याची आहे, त्या मापाच्या बॅटऱ्या सुट्या मिळतात. मी दहा सेलांची नवी आणली आणि सोबत त्याच बॅटरीवर चालणारा छोटा ब्लोअर. वायपरखालच्या जाळीतलं कुटार त्यानं झकास निघतं. फक्त आता घरचे तो सोयाबीनच्या मळणीनंतर ट्रॅक्टरचं रेडिएटर साफ करायला नेतात, आणि पॉलिशच्या दिवशी मला बॅटऱ्या कुणाकडं आहेत ते विचारत फिरावं लागतं.