थेंब दिसत नाही, पण काटा उतरतो: कूलंट प्रेशर टेस्टर संच वापरून बघितला

गाडीखाली थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर तेल स्वच्छ, आणि तरी टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतंय. ज्यांच्या गाडीला हे दुखणं लागलंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी घेतलेला संच म्हणजे हातपंप, त्यावर दाबाचा काटा, टाकीच्या तोंडाला बसणारी रंगीबेरंगी अडॅप्टर आणि सोबत व्हॅक्यूमने कूलंट भरायचं यंत्र. सगळं एका पेटीत, पेटीवर धड कंपनीचं नावही नाही, किंमत साडेसहा हजार. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात हायड्रो टेस्टिंगला आहे. दाब भरायचा, थांबायचं आणि काटा उतरतो का ते बघायचं, हेच रोजचं काम. त्यामुळे या पेटीची परीक्षा मी जरा कडकच घेतली.

गाडी जुनी, जर्मन, दोन सीटांची, इंजिन सीटच्या मागे. रेडिएटर पुढे बंपरच्या दोन कोपऱ्यांत, तिथून पोटाखालून लांबलचक पाइप मागे येतात, आणि एक्सपान्शन टँक (तापून फुगलेलं कूलंट सामावणारी टाकी) डिकीच्या कडेला कार्पेटच्या आड. एकूण कूलंट वीस लिटरच्या घरात. एवढ्या लांबच्या वाटेत गळती कुठेही लपते. त्यात पोटाखाली प्लास्टिकचे ट्रे, म्हणजे काही पडलंच तरी ते ट्रेवर वाळून जाणार. आंबा घाट चढून आले की दुसऱ्या दिवशी पातळी खाली. गावात हळू चालवली की जवळजवळ काहीच नाही. एका मोठ्या वर्कशॉपने गाडी नुसती स्कॅनरला लावली आणि हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं म्हणून सांगितलं. या गाडीचं गॅसकेट म्हणजे इंजिन खाली उतरवणं आलं. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आले.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री स्पोर्ट्स कारवाले नाहीत, पण पाणी कुठे जातं हे त्यांना कळतं. त्यांनी टाकीवर मार्करने रेघ मारली. म्हणाले, "ताई, आता वरनं भरू नका. कुठवर खाली येतंय ते बघू की." मला तर हा सल्ला संचाइतकाच मोलाचा वाटतो. पातळी मॅक्सवरून उतरली आणि मिनच्या जरा वर येऊन जवळपास थांबली. इंजिन कूलंट जाळत असेल किंवा खालचा एखादा पाइप गळत असेल, तर ते अशा ठिकाणी थांबत नाही. म्हणजे भोक वरच्या बाजूला कुठेतरी असणार.

तरी गॅसकेटचा संशय मनातून काढायचा होता. त्यासाठी वेगळी मिळणारी निळ्या द्रावणाची नळी टाकीच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवलं. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पेट्रोल गाडीत हे द्रावण पिवळं पडतं. आमचं निळंच राहिलं. एवढ्याने शंभर टक्के खात्री होत नाही म्हणून प्लगही काढून बघितले. सगळ्यांचा रंग सारखा होता. कूलंट पिणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा वेगळा दिसतो.

आता मुख्य संचाकडे. टेस्ट सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावरच करा. गरम टाकीचं झाकण उघडायचं नाही हे सगळे जाणतात. पण दुसरं कारणही महत्त्वाचं आहे. इंजिन कोमट असताना दाब भरला तर ते गार होताना कूलंट आकसतं, वरची हवा आकसते, आणि गळती नसली तरी काटा उतरतो. पाच अंशांचा फरकसुद्धा काट्यावर एखादं घर दाखवून जातो. दुसरं म्हणजे, दाब भरल्यावर पहिली काही मिनिटं रबरी होज ताणतात आणि काटा जरा खाली येतो. तेव्हा घाबरू नका. पुन्हा पंप मारून पहिल्या आकड्यावर आणा आणि मग घड्याळ लावा. माझ्या झाकणावर १.४ बार लिहिलंय, मी १.२ वर थांबले. झाकणावरच्या आकड्याच्या वर कधीही जाऊ नका, जुन्या प्लास्टिकला ते सोसत नाही.

संचाची खरी कमजोरी इथे कळली. माझ्या टाकीला बसणाऱ्या अडॅप्टरची ओ-रिंग कडक होती, आणि साबणाचं पाणी लावल्यावर पहिले बुडबुडे तिथूनच आले. म्हणजे गाडीआधी यंत्रच गळत होतं. उद्यमनगरात ऑइल सीलच्या दुकानातून ईपीडीएम रबराची त्याच मापाची रिंग आणली, सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. ईपीडीएमला साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगतं. काटा कारखान्यातल्या मास्टर गेजशी जुळवून बघितला, थोडा जास्त दाखवतो. या कामाला चालतं, कारण आपल्याला उतार बघायचाय.

रिंग बदलल्यावरही अर्ध्या तासात काटा दोन घरं उतरला. पुढचे जोड, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, हीटरचे पाइप सगळीकडे साबणाचं पाणी मारलं, कुठे काही नाही. मग डिकीतलं कार्पेट काढलं. टाकीचे दोन अर्धे जिथे जोडलेत त्या शिवणीच्या मागच्या कोपऱ्यात, पत्र्याकडच्या बाजूला, डॉक्टरी आरशात बघितलं तर बारीक फेस धरत होता. एकेक बुडबुडा खसखशीच्या दाण्याएवढा, फुटायचा आणि पुन्हा यायचा. बोट फिरवलं तर वाळलेल्या कूलंटची फिकट गुलाबी खर हाताला लागली.

मग सगळं जुळलं. गार असताना कूलंट या भेगेच्या खाली, म्हणून थेंब नाही. घाटात इंजिन तापलं की वीस लिटर कूलंट फुगून पातळी भेगेपर्यंत चढणार, आत दाब असणार, आणि ते वाफ होऊन निघून जाणार. पातळी पुरेशी उतरली की भेगेतून फक्त हवा जाते. त्यातून दाब मात्र टिकत नाही, आणि धोका तिथेच आहे. कोल्हापूरच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर १.४ बारचा दाब असेल तर तेच १२५ पर्यंत उकळत नाही. कूलंटचा उकळबिंदू त्याहूनही वर असतो. भेग पडली की ही सगळी सवलत संपली. खात्रीसाठी कूलंटमध्ये चमकणारा डाय घालून गगनबावड्यापर्यंत जाऊन आले आणि रात्री जांभळ्या टॉर्चने बघितलं. शिवणीवरून ओघळ हिरवागार चमकत होता. तुमचं कूलंट आधी नुसतंच टॉर्चखाली धरून बघा, काही मुळातच चमकतात.

टाकी नवी आणली. प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून-गार होऊन तडकतंच, त्यावर एम-सील थापून किंवा रेडिएटर सीलर ओतून उपयोग नाही. सीलर हीटरच्या बारीक नळ्या बुजवून ठेवतो.

भरताना व्हॅक्यूमचं यंत्र कामाला आलं, आणि एवढ्यासाठीही मी हा संच पुन्हा घेईन. लांब पाइपांच्या गाडीत वरून ओतलं की हवा अडकते. यात कंप्रेसरच्या हवेने आतली हवा ओढून घेतात, होज चपटे होतात (ते तसेच व्हायला हवेत), काटा टिकला की व्हॉल्व्ह फिरवायचा आणि कूलंट आपोआप आत जातं. माहितीपत्रकातला व्हॅक्यूमचा आकडा समुद्रसपाटीचा आहे, आपल्याकडे काटा तेवढा जात नाही. जिथवर जाईल तिथे स्थिर राहिला की पुरे. घरगुती टायरचा छोटा कंप्रेसर मात्र अजिबात पुरत नाही. काढलेलं कूलंट डब्यात झाकून ठेवा. ते विषारी असतं, चव गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

घेण्याआधी आपल्या टाकीच्या तोंडाचे आटे आणि अडॅप्टरची यादी ताडून बघा, नाहीतर पेटी नुसती पडून राहील. ओ-रिंगचा एक जादा जोड त्याच दिवशी आणा. हॅचबॅकवाल्याने एका वेळेसाठी ही पेटी घेऊ नये, रेडिएटरवाल्याकडे दोन-तीनशेत टेस्ट होते. जुनी, मागे किंवा मध्ये इंजिन असलेली गाडी असेल तर इंजिन उतरवायला होकार देण्याआधी घ्या. माझी पेटी सध्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्येच असते, उद्यमनगरात कुणाला लागली तर तिथेच वापरायला देतात.