सीलबंद खोके, आधीच वापरलेले लायसन्स

नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी पॅड असलेला मिडी कंट्रोलर, म्हणजे संगणकातील संगीत बोटांनी चालवायचे उपकरण, घेताना नाशिकमधील एका दुकानाने माझी फसवणूक केली. वस्तू नवी होती, खोके सीलबंद होते, बिल पक्के होते आणि उपकरण आजही उत्तम चालते. तरीही किमतीचा मोठा भाग, म्हणजे सोबतच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स, दुकानदाराने आधीच दुसऱ्या कोणाला तरी विकून टाकलेला होता. हा प्रकार वरवर पाहून कळण्यासारखा नसल्यामुळे तो तपशीलवार लिहीत आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने दुकानाचे नाव मात्र देत नाही.

राज्य नाट्य स्पर्धेची नाशिकची प्राथमिक फेरी परशुराम साईखेडकर नाट्यगृहात असते, आणि तेथे पार्श्वसंगीत वाजवणाऱ्या माणसाला लॅपटॉपवर माउस फिरवत योग्य फाइल शोधायला वेळ मिळत नाही. नटाने वाक्य लवकर संपवले किंवा मधले अर्धे पान गाळले, की संगीतही त्याच क्षणी बदलावे लागते. कंट्रोलरच्या प्रत्येक पॅडला एकेक तुकडा लावून ठेवला आणि आवाज कमीजास्त करायला एक फेडर (सरकवायचे बटण) राखून ठेवला, की अंधारातही बोटांच्या सवयीने काम होते. संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरला जोडायचे हार्डवेअर मला हवे होते ते याचसाठी.

फसवणूक समजून घ्यायची, तर हे उपकरण नेमके काय करते ते आधी सांगितले पाहिजे. मिडी हे वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडण्याचे प्रमाण १९८३ साली वापरात आले आणि त्यातून आवाज कधीच जात नाही. कोणता पॅड दाबला, किती जोराने दाबला, कोणती खुंटी किती फिरवली, एवढाच निरोप ० ते १२७ या आकड्यांत संगणकाकडे जातो आणि आवाज काढण्याचे सगळे काम संगणकातील सॉफ्टवेअर करते. दुकानात मला जे प्रात्यक्षिक दाखवले गेले त्यात पॅडवर बोट पडताच नाशिक ढोलाचा दणदणीत ठेका ऐकू येत होता आणि तो त्या खोक्यातूनच येतो आहे असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात तो दुकानाच्या संगणकातील संग्रहातला होता आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूशी त्याचा काही संबंध नव्हता.

या कारणानेच बहुतेक कंपन्या कंट्रोलरसोबत सॉफ्टवेअर देतात. त्यात एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची मर्यादित आवृत्ती, काही वाद्यांचे आवाज आणि थोडे इफेक्ट्स असा संच असतो. उपकरणाच्या तळाशी सिरीयल नंबर असतो, कोड तेथेच किंवा आतल्या कार्डावर छापलेला असतो, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून नोंदणी केली की तो संच त्या खात्यावर जमा होतो. नोंदणी एकदाच होते. दुकानदाराचा सगळा भर याच संचावर होता. “सर, हे सॉफ्टवेअर तुम्ही वेगळं घ्यायला गेलात तर जवळपास एवढेच पैसे पडतील. मशीन तुम्हाला फुकटात पडतंय असं समजा,” असे त्याने मला दोनदा ऐकवले.

पैसे देण्यापूर्वी मी बिलावर सिरीयल नंबर लिहून मागितला. त्यावर काउंटरवरचा मुलगा कुरकुरला. “नंबर आमच्या कॉम्प्युटरला असतो, बिलावर कशाला?” असे त्याचे म्हणणे होते. मी हटून बसल्यावर त्याने खोक्यावरचा नंबर हाताने लिहून शिक्का मारून दिला. पुढे सगळे प्रकरण या एका ओळीवर उभे राहिले.

घरी आल्यावर उपकरण जोडताच चालू झाले. आजकालचे बहुतेक यूएसबी कंट्रोलर वेगळा ड्रायव्हर न टाकता विंडोज आणि मॅक दोन्हीवर ओळखले जातात, त्यामुळे त्यात नवल नव्हते. नोंदणी करायला गेलो तेव्हा मात्र हा सिरीयल नंबर दुसऱ्या खात्यावर आधीच नोंदलेला आहे असा संदेश आला. टाइप करताना आकडा चुकला असेल म्हणून मी खोके, तळाची पट्टी आणि बिल ताडून पाहिले. तिन्हीकडे नंबर एकच होता. कंपनीच्या मदत विभागाला बिलाचा आणि तळाच्या पट्टीचा फोटो पाठवला. ही नोंदणी माझ्या बिलाच्या तारखेच्या बऱ्याच आधी झाली असून सोबतच्या सॉफ्टवेअरचे सर्व कोडही उघडून वापरले गेले आहेत, असे त्यांनी लेखी कळवले. दुसऱ्याचे खाते कोणाचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि ते योग्यच आहे.

दुकानात गेलो तेव्हा पहिले उत्तर मिळाले की हा कंपनीच्या सर्व्हरचा घोळ आहे. कंपनीचे पत्र दाखवल्यावर वितरकाकडूनच असा माल आला असेल असे सांगण्यात आले. तरीही मी हलत नाही हे पाहून दुकानदाराने ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, “हे घ्या, यात फुल व्हर्जन आहे, त्या छोट्यापेक्षा भारी. टाकताना फक्त अँटीव्हायरस बंद ठेवा.” ही भरपाई नव्हती, दुसरी फसवणूक होती. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरीच्या प्रतीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. म्हणजे पेनड्राइव्ह स्वीकारला असता तर तक्रारदार असलेला मीच कायद्याच्या कचाट्यात सापडलो असतो आणि दुकानदाराला नेमके तेच हवे होते, असे माझे मत आहे.

नोंदणीचे कोडे सुटले ते अगदी वेगळ्या ठिकाणी. तालमीला येणारा, नाशिकरोडला राहणारा एक मुलगा लग्नाच्या वरातींसाठी रिमिक्स बनवतो. त्याने त्याच दुकानातून ‘ओरिजिनल लायसन्स, स्वस्तात’ म्हणून एक सॉफ्टवेअर घेतले होते आणि ठरावीक संख्येपुढे ट्रॅकच (एकावर एक चढवायचे आवाजाचे थर) वाढत नाहीत अशी त्याची तक्रार होती. त्याला कोड दिलेला नव्हता, तर एक ईमेल पत्ता आणि पासवर्ड दिला होता. त्याच्या संमतीने आम्ही त्या खात्यात शिरून पाहिले, तेव्हा नोंदलेल्या उपकरणांची लांबलचक यादी समोर आली आणि तिच्यात माझ्या कंट्रोलरचा सिरीयल नंबर होता. त्याच्या पदरात पूर्ण आवृत्ती म्हणून जे पडले होते ते कंट्रोलरसोबत फुकट मिळणारे मर्यादित सॉफ्टवेअर होते, आणि तेही एकाच वेळी कितीजणांना विकले असेल कोण जाणे.

धंद्याची रीत मग स्पष्ट झाली. नवा माल आला की खोके उघडायचे, कोड स्वतःच्या खात्यावर नोंदवायचे, खोके पुन्हा बंद करून त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवायचे आणि नवे म्हणून विकायचे. असे आवरण गरम हवेने आवळणारे यंत्र पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात सहज मिळते, त्यामुळे प्लास्टिक गुंडाळलेले आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच खोक्याचे दोन गिऱ्हाईक होतात, एकाला उपकरण आणि दुसऱ्याला लायसन्स, आणि दोघांकडूनही पूर्ण वस्तूचे पैसे घेतले जातात.

हे इतके दिवस उघडकीस का आले नाही, याचे उत्तर मला उपकरणाच्या चांगुलपणातच दिसते. नोंदणी न करताही पॅड वाजतात, पट्ट्या वाजतात, आणि जवळजवळ कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘मिडी लर्न’ ही जोडणीची सोय वापरून खुंट्या हव्या त्या कामाला लावता येतात. आपल्याकडे अनेकांच्या संगणकावर आधीच कुठले तरी, बहुधा चोरीचेच, सॉफ्टवेअर असते, त्यामुळे खोक्यातल्या कार्डाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दुकानदाराने हिशेब केला होता तो या सवयीचा.

कंपनीने बिल पाहून सिरीयल नंबर जुन्या खात्यातून सोडवला आणि माझ्या नावावर केला, त्यामुळे वॉरंटी मला मिळाली. वापरले गेलेले कोड मात्र पुन्हा देता येणार नाहीत असे त्यांनी कळवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवल्यानंतर दुकानदाराने फोन करून दोन हजार रुपये आणि एक हेडफोन देऊ केला. तो मी नाकारला, कारण सोबत ‘तक्रार नाही’ अशा कागदावर सही हवी होती. त्यानंतर नोटीस पाठवली आणि आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, वकील सक्तीचा नाही आणि ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करता येते. बिल, कंपनीचे पत्र आणि खात्यातल्या यादीचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. रिमिक्स करणाऱ्या मुलाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर स्वतंत्र तक्रार केली आहे, कारण त्याचे पैसे यूपीआयने गेले होते आणि व्यवहाराची नोंद त्याच्याकडे आहे.

नवा कंट्रोलर घेणाऱ्याने नोंदणी दुकानातच, स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या ईमेलवरून करावी आणि संच आपल्या खात्यात दिसल्यावरच पैसे द्यावेत. दुकानदाराने ‘घरी जाऊन निवांत करा’ म्हटले तर व्यवहार तेथेच थांबवावा. जुने उपकरण घेताना मूळ मालकाने आपल्या खात्यातून ते तुमच्या खात्यावर हस्तांतरित केल्याचे समोर पाहावे. विंडोजवर मिडी-ऑक्ससारखा, उपकरणाकडून येणारे आकडे दाखवणारा फुकट प्रोग्रॅम लावून प्रत्येक खुंटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी, कारण झिजलेली खुंटी न फिरवताही आकडे पाठवत राहते आणि ते प्रयोग चालू असताना कळले तर फार उशीर झालेला असतो.

त्या खात्याच्या यादीत दिसलेले बाकीचे सिरीयल नंबर कोणाकडे तरी आहेत. नाशिकमध्ये अलीकडे असे उपकरण घेऊन अजून नोंदणी न केलेल्यांनी ती करून पाहावी, आणि नंबर आधीच नोंदलेला निघाला तर पेनड्राइव्ह न घेता कंपनीकडून नोंदणीची तारीख लेखी मागवून बिलासोबत ठेवावी.