अध्यक्षपदासाठी तीन नावं: मत देण्याआधी

येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या तालुक्याच्या सैनिकी वारसा संस्थेचा अध्यक्ष निवडायचा आहे. आपल्या घटनेप्रमाणे सभासद थेट मत देतात, म्हणून हे लिहितो आहे. अर्ज तीन आहेत. पुण्यात राहणारे निवृत्त कर्नलसाहेब, आपल्या हायस्कूलमधून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई आणि गावातच असणारे सुभेदारसाहेब. तिघांबरोबरही मी काम केलं आहे. गेला आठवडाभर फोनवर चर्चा चालू आहे ती मोठा कोण, कुणाची ओळख कुठवर, याचीच. संस्थेपुढे काम काय आहे ते आधी बघू आणि मग त्या कामाशेजारी एकेकाला उभं करू.

चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी सगळ्यांनी पाहिली आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं अशा पाट्या गावोगाव बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धावर इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर आहे. आकडा आहे, नाव एकही नाही. तिकडे इराकमध्ये बसऱ्याचं स्मारक ४० हजारांहून अधिक जणांसाठी उभं आहे. त्यावर हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची फक्त संख्या. युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानं २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. म्हणजे आपला माणूस बसऱ्याला आकडा झाला आणि गावातही आकडाच राहिला. त्याला नाव परत मिळवून देणं हे आपल्या संस्थेचं पहिलं काम आहे, असं मी मानतो. बाकी सगळं त्यानंतर.

कर्नलसाहेब

कर्नलसाहेबांची बाजू भक्कम आहे. बैठक दहाची तर दहाला सुरू होते. दोन वर्षांपूर्वी १६ डिसेंबरच्या विजय दिवसाचा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला आणि अडीच तासांचा चाळीस मिनिटांत बसवला. हारतुरे बंद, तिसऱ्या पाहुण्याचं भाषण बंद, आणि पुढच्या दोन रांगा शहिदांच्या घरच्यांसाठी. त्याआधी त्या आयाबाया मंडपाच्या कडेला बसायच्या. हे मी विसरलेलो नाही.

दुसरं म्हणजे त्यांना पलटणींचा इतिहास तोंडपाठ आहे. बाईंनी वाड्यावाड्यांतून टिपलेल्या सैनिकांच्या वहीत ‘११७ पलटण’ अशी नोंद असलेली सात नावं दोन वर्षं अडकून पडली होती. आज त्या नंबरची पलटण नाही, मग शोधायची कुठे? कर्नलसाहेबांनी फोनवर पाच मिनिटांत सांगितलं. १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या, तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी आणि ११७ ची पाचवी. तेवढ्या एका किल्लीनं सातांपैकी चार नावं जुळली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहायचं तर कुणाच्या नावे, कोणत्या भाषेत, सोबत काय जोडून, हे त्यांच्याइतकं आपल्यात कुणालाच कळत नाही.

अडचण अंतराची आहे. ते दोन महिन्यांतून एकदा येतात. शिवाय त्यांची सवय हुकमाची आहे, आणि आपल्याकडे येणारी पोरं कॉलेज सांभाळून, रानातली कामं उरकून येतात. मागच्या पावसाळ्यात पाट्या स्वच्छ करायच्या कामाला उशीर झाला म्हणून ते दोघा पोरांना सगळ्यांदेखत बोलले. ती दोघं पुन्हा आली नाहीत. चूक पोरांची होती हे खरं, पण संस्थेची दोन माणसं गेली हेही खरं.

आणि रणगाडा. त्यांच्या निवेदनात पहिलं आश्वासन एसटी स्टँडसमोरच्या चौकात सेवेतून काढलेला रणगाडा बसवायचं आहे. कितीतरी गावांत टी-५५ जातीचे जुने रणगाडे चौथऱ्यावर उभे आहेत, पोरं त्यावर चढतात, फोटो काढतात. मला त्याचं वावडं नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मी स्वतः मुलांना दोनदा नेलं आहे. पण तिथे सांभाळायला लष्कराचं खातं आहे. आपल्याकडचा पाऊस, त्यात छत्तीस टनांचं लोखंड. पाया, क्रेन, दर वर्षी खरवडून रंग. संस्थेचा सगळा पैसा आणि सगळी माणसं त्यातच जातील. वह्या मात्र कपाटात राहतील.

बाई

त्या वह्यांबद्दल नीट सांगायला हवं, कारण सभासदांपैकी फार थोड्यांनी त्या पाहिल्या आहेत. अकरा आहेत, दोनशे पानी. नोकरीत असताना बाई दर रविवारी एका वाडीत जायच्या. आधी म्हाताऱ्या बायकांशी बोलायच्या. घरातला पुरुष बसऱ्याला, इटलीला, ब्रह्मदेशात गेला तेव्हा मनीऑर्डर कुणी घेतली, पत्र कुणी वाचून दाखवलं, शेवटची बातमी कुणी आणली. मग पत्र्याची पेटी उघडायची. पेटीत पदकं, पेन्शनचं पुस्तक, कधी मोडीतला एखादा कागद. बाईंना मोडी वाचता येते आणि आपल्या संस्थेत ती दुसऱ्या कुणाला येत नाही.

इंग्रजी यादीत नाव सापडलं तरी तो माणूस आपलाच, हे ठरवणं सोपं नसतं. कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं, गावाचं स्पेलिंग ओळखू न येणारं. ‘अमक्याचा मुलगा, अमकं गाव, जिल्हा सातारा’. त्या नावाची तालुक्यात तीन गावं. मग वाडी कोणती, भावकी कोणती, त्या पिढीत त्या घरात ते नाव होतं का, हे बसून जुळवावं लागतं. हे काम पुण्यात बसून होत नाही, आणि बेळगावातही होत नाही. ते इथल्याच माणसाला जमतं, तेही ज्याला घराच्या आतपर्यंत प्रवेश आहे त्याला.

बाईंवरचा आक्षेप मला दोघातिघांनी ऐकवला: ‘वर्दी घातली नाही, त्यांना लष्करातलं काय कळणार?’ याला माझं उत्तर माझ्या घरातलं आहे. माझे पणजोबा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. मागे आली ती काशाची एक जड चकती, बारा सेंटिमीटर व्यासाची, ब्रिटनचं प्रतीक असलेली ब्रिटानिया आणि सिंह कोरलेली. आजी तिला ‘सरकारचं ताट’ म्हणायची आणि दर दिवाळीला चिंचेनं घासायची. घासून घासून नावाची उठावाची अक्षरं झिजली. बाईंनी ती हातात घेतली, तिरक्या उजेडात धरली, नाव वाचलं आणि आईला हळू आवाजात सांगितलं की आता चिंच लावू नका, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. मग त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. चकतीवर नाव आहे, हुद्दा नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतून मेलेल्यांच्या घरी अशीच चकती गेली, कर्नल असो की शिपाई. असं पाहणारी नजर वर्दीतूनच येते असं मला वाटत नाही.

आता बाईंची उणी बाजू. त्या काम सोडत नाहीत. सगळं स्वतः. वह्यांतल्या खुणा फक्त त्यांनाच कळतात. नावापुढे लाल फुली म्हणजे काय आणि निळी म्हणजे काय, हे मीही विचारूनच शिकलो. वह्यांची एकही प्रत नाही. घरात पाणी शिरलं, वाळवी लागली तर वीस वर्षांचं काम गेलं. दोनदा स्कॅनिंगचा विषय काढला, दोनदा ‘आधी पुरं होऊ दे’ म्हणाल्या. देणगी मागायची वेळ आली की त्या गप्प होतात. अध्यक्षाला गप्प राहून चालत नाही.

सुभेदारसाहेब

सुभेदारसाहेबांना मतं सर्वांत जास्त पडतील असं दिसतं, आणि ते साहजिक आहे. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या विधवा सुनेचा कागद रखडला, की पहिला फोन त्यांना. प्रत्येक जवानाच्या अंत्यसंस्काराला ते उभे असतात. पोरं त्यांचं ऐकतात, कारण पहाटे पाचला मैदानावर ते पोरांबरोबर धावतात.

पण त्यांचा जीव भरतीपूर्व प्रशिक्षणात आहे. ते काम मोलाचं आहे, त्यासाठी वेगळी समिती करावी, त्यांनाच तिचं प्रमुख करावं. वारशाच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून पाहिलं तर जुन्या वस्तूंबद्दल त्यांची घाई मला खटकते. शाळेत प्रदर्शन भरवलं तेव्हा १९१६ चं एक पत्र त्यांनी फळ्यावर टाचणीनं लावलं. हेतू चांगला होता, मुलांना दिसावं हाच. पण ७५ वर्षांपुढचं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित आणि १०० वर्षांपुढची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. ते पत्र आता आपल्या घरचा साधा कागद राहिलेलं नाही.

कागदपत्रांचं

थोडक्यात सांगतो. आपली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. नवं मंडळ आलं की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, दाखल करावा लागतो, दर वर्षी लेखापरीक्षण करून हिशेब सादर करावे लागतात. मागचा चेंज रिपोर्ट आपण वेळेत दिला नाही आणि त्यापायी बँकेतली सही बदलायला आठ महिने गेले. यात कर्नलसाहेब सर्वांत पक्के, बाई ठीक, सुभेदारसाहेब दुसऱ्यावर सोपवणारे. पण हे चिटणीस आणि खजिनदाराचं काम आहे. एवढ्यासाठी अध्यक्ष निवडू नये.

माझं मत

माझं मत बाईंना आहे. एका अटीवर: सभेतच त्यांनी मान्य करावं की पहिल्या सहा महिन्यांत अकराही वह्या स्कॅन होतील, आणि खुणांचा तक्ता लिहून दोन तरुण सभासदांना शिकवला जाईल. कर्नलसाहेबांनी कार्याध्यक्षपद घ्यावं. बैठका, पत्रव्यवहार आणि देणग्या त्यांच्याकडे. ते हे घेतील का, असं पुष्कळजण विचारतात. ‘११७’ चा प्रश्न सुटला त्या दिवशी त्यांनीच रात्री पुन्हा फोन करून उरलेली तीन नावं मागून घेतली होती, त्यामुळे मला आशा आहे.

रणगाडा महत्त्वाचा मानणाऱ्या मित्रांना एक उदाहरण देतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. तिथल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. सातासमुद्रापलीकडच्या लोकांना ते करता आलं, कारण त्यांच्याजवळ नाव, गाव आणि तारीख होती. आपल्या पाटीवरच्या माणसांपैकी बहुतेकांचं यातलं काहीच अजून आपल्याजवळ नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर तसं द्या. फक्त सभेत तिन्ही उमेदवारांना एक प्रश्न जरूर विचारा. ‘११७ पलटण’ अशी नोंद असलेल्या सातांपैकी तिघं अजून जुळायचे आहेत. पहिल्या महिन्यात तुम्ही कोणत्या वाडीत जाणार, आणि बरोबर कुणाला नेणार?