व्हेनिसच्या बाकारोमधले रात्रीचे जेवण: काही महिन्यांनंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त मेस्त्रेला राहायला आल्यापासून मी बऱ्याच संध्याकाळी रेल्वेने पूल ओलांडून व्हेनिसला जातो आणि तिथल्या एखाद्या बाकारोमध्ये, म्हणजे वाइनसोबत चिकेत्ती नावाचे छोटे पदार्थ देणाऱ्या जुन्या वळणाच्या बारमध्ये, जेवून परततो. या महागड्या शहरात पोटभर, चवीचे आणि खिशाला परवडणारे जेवण हवे असेल तर याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. मात्र ते लवकर आणि उभ्यानेच करावे.

काउंटरवरच्या काचेमागे मांडलेला एकेक पदार्थ साधारण दीड ते तीन युरोंना मिळतो आणि ओम्ब्रा, म्हणजे घरच्या वाइनचा छोटा पेला, दोन-तीन युरोंना. पाच पदार्थ आणि दोन पेले घेतले की पंधरा-सोळा युरोंत माझे जेवण होते. सान मार्कोजवळच्या एका ठिकाणी मात्र टेबलावर बसताच दर बदलले, कोपेर्तोची, म्हणजे टेबलावर बसण्याच्या शुल्काची, आकारणी वेगळी झाली आणि फ्रीजमधून काढलेला पाव ओला लागला. तिथे मी पुन्हा गेलो नाही.

कोणताही बाकारो जोखायचा असेल तर आधी बाकाला मान्तेकातो मागवावा. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा त्यासाठी दिवसेंदिवस भिजवतात, शिजवतात आणि तेलाची बारीक धार सोडत घोटतात. हा मासा व्हेनिसला आणण्याचे श्रेय परंपरेने पिएत्रो क्वेरिनी या व्यापाऱ्याला दिले जाते. त्याचे जहाज फुटल्यावर १४३२ च्या आरंभी तो त्याच बेटांवर पोहोचला होता. उत्तम बाकाला लोण्यासारखा एकजीव नसतो, त्यात माशाचे धागे जिभेला जाणवतात, आणि सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला त्यातला वाळवणाचा गंध लगेच आपलासा वाटतो. पांढऱ्या पोलेंताच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या लापशीच्या, भाजलेल्या तुकड्यावर तो पावापेक्षा अधिक शोभतो.

सार्दे इन साओर हा दुसरा आवडता पदार्थ: तळलेले सार्डिन मासे, त्यांवर मऊ परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे. तो एक-दोन दिवस मुरलेलाच चांगला लागतो. ताजा असेल तर आंबटपणा वरवर राहतो. सान त्रोवाझोजवळच्या ‘कान्तिनोने जा स्क्यावी’मध्ये बारीक चिरलेल्या कच्च्या ट्यूनावर कडू कोको भुरभुरून देतात. ऐकताना विचित्र वाटणारी ही जोडी मला इतकी रुचली की पाहुण्यांना मी आवर्जून तिथेच नेतो. कालव्याच्या काठावर उभे राहून खाताना मात्र सीगल पक्ष्यांपासून ताट सांभाळावे.

शाकाहारी मंडळींची थोडी अडचण होते. गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोड, शिजवलेल्या आर्टिचोकचे गड्डे, परतलेला रादिक्यो (एक कडसर पालेभाजी) हे प्रकार अनेकदा मिळतात, पण निरुपद्रवी दिसणाऱ्या, उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या फोडीवरही अँकोव्ही मासा असतो आणि पोल्पेत्ते, म्हणजे तळलेले गोळे, बहुधा मांसाचेच असतात, म्हणून प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्यावे.

रिआल्तोचा मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो, त्यामुळे मासळीसाठी मी मंगळवारनंतरचा दिवस धरतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोहोचावे. आठनंतर बऱ्याच काउंटरवर उरलेसुरलेच मिळते आणि काही बाकारो तर तोवर बंदही झालेले असतात.